अजिंक्य अल्फाची तहान

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ ते १९५१ या काळात ग्रां प्री शर्यतींवर इटलीच्या गाड्यांचं राज्य होतं. त्यातली अल्फा रोमिओची १५८ ही गाडी तर मुळात १९३८ सालची. मग नव्या गाड्या तिला पाच वर्षं का हरवू शकल्या नाहीत? आणि शेवटी सुपरचार्जर नसलेल्या फेरारीनं तिला हरवलं, म्हणजे सुपरचार्जर लावणं हीच चूक होती का?" विचारणारा मुलगा मेकॅनिकल इंजिनीअरिंगला आहे आणि पुढच्या वर्षी इटलीत येऊन या गाड्या बघणार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बावीस वर्षांपासून इटलीत मोदेनाच्या आसपास जुन्या शर्यती गाड्यांची इंजिनं पुन्हा उभी करण्याचं काम करतो. हात बसला तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वडिलांच्या लेथवर. अल्फा १५८ चं इंजिन उघडायची संधी मला आजवर मिळालेली नाही. पण त्याच काळातली, त्याच पद्धतीची, सुपरचार्जर असलेली इंजिनं मी उघडली आहेत, बसवली आहेत आणि चालवून पाहिली आहेत. या इंजिनांचं दुखणं कुठे असतं ते हाताला कळतं, म्हणून हे उत्तर.

चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. १९३८ मध्ये घेतलेला तो निर्णय अगदी बरोबर होता. पुढच्या तेरा वर्षांत त्याच निर्णयाला शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं गेलं आणि मग त्याची किंमत टाकीत मोजावी लागली. सगळी गोष्ट इंधनाच्या टाकीची आहे.

सुरुवात नियमांपासून करू. सहसा आधी नियम ठरतात आणि मग त्यात बसतील अशा गाड्या बनतात. युद्धानंतर उलटं झालं. युरोपात कारखाने मोडून पडले होते, पेट्रोल मिळत नव्हतं, टायर मिळत नव्हते. शेडमध्ये जे उरलं होतं त्यावरूनच नियम बेतला गेला: सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंप, असेल तर इंजिन दीड लिटरचं, नसेल तर साडेचार लिटरचं. दीड लिटरवाल्या गाड्या इटलीकडे होत्या. युद्धाआधी त्या मुख्य ग्रां प्रीच्या खालच्या, लहान गटात धावायच्या. साडेचार लिटरवाल्या फ्रान्सकडे होत्या. जर्मनांना शर्यतींत मज्जाव होता.

या जर्मनांचा एक किस्सा इथे सांगायला हवा. १९३९ मध्ये मर्सिडीज आणि ऑटो युनियनपुढे काहीच चालत नाही म्हटल्यावर इटलीनं आपल्याकडच्या शर्यती दीड लिटरच्या गटासाठीच ठेवल्या. त्या गटात जर्मनांकडे गाडीच नव्हती. मर्सिडीजनं मात्र काही महिन्यांत दीड लिटरची नवी गाडी तयार केली, ती लिबियातल्या त्रिपोलीला नेली आणि पहिला व दुसरा क्रमांक घेऊन परत गेली. अल्फाच्या लोकांनी त्या दिवशी जे पाहिलं त्यानं त्यांच्या इंजिनाचं पुढचं काम ठरलं, असं माझं मत आहे. १९४० मध्ये त्रिपोलीची शर्यत फारिना या चालकानं १५८ घेऊन जिंकली, पण तोवर समोर मर्सिडीज नव्हती. मग इटली युद्धात उतरली आणि गाड्या झाकून ठेवल्या गेल्या. जर्मन फौजांच्या हाती लागू नयेत म्हणून त्या मिलानजवळच्या मेल्झो गावात एका चीजच्या कारखान्यात लपवल्या होत्या. मिलानमधल्या अल्फाच्या पोर्तेल्लो कारखान्यावर बॉम्ब पडले. गाड्या वाचल्या.

आता ती गाडी. १५८ या आकड्याचा अर्थ सरळ आहे: दीड लिटर, आठ सिलिंडर. जोआकिनो कोलंबो या इंजिनीअरनं तिचे आराखडे १९३७ मध्ये काढले, तेही मिलानमध्ये नव्हे तर मोदेनात, एन्झो फेरारीच्या जागेत. फेरारी तेव्हा अल्फाच्या गाड्या शर्यतीत उतरवायचा. एका रांगेत आठ सिलिंडर, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ५८ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७० मिलिमीटर, १४७९ सीसी. गिअरबॉक्स मागच्या चाकांकडे. १९३८ च्या ऑगस्टमध्ये लिव्होर्नोला ती पहिल्यांदा धावली आणि जिंकली. तेव्हा ताकद होती १९५ हॉर्सपॉवर, मिनिटाला ७२०० फेऱ्यांना.

हे बोअर-स्ट्रोकचे आकडे मी मुद्दाम दिले, कारण पाच वर्षांच्या अजिंक्यपणाचं अर्धं कारण त्यांत आहे. शेजारी मासेरातीची ४सीएल ठेवून बघा. तीही दीड लिटरची, तिलाही सुपरचार्जर, पण सिलिंडर चारच आणि बोअर ७८, स्ट्रोकही ७८. युद्ध संपलं तेव्हा दोघींमध्ये फार अंतर नव्हतं. पण सुपरचार्जरचा दाब वाढवत गेलं की पिस्टनच्या डोक्यावर उष्णता वाढत जाते, आणि ती उष्णता डोक्याच्या मध्यापासून कडेच्या रिंगांपर्यंत आणि तिथून सिलिंडरच्या भिंतीत गेली पाहिजे. ७८ च्या पिस्टनमध्ये तिला मध्यापासून ३९ मिलिमीटर जावं लागतं, ५८ च्या पिस्टनमध्ये २९. कागदावर हा फरक एवढासा दिसतो. मी मासेरातीच्या चार सिलिंडरच्या इंजिनातले मधोमध वितळलेले पिस्टन हातात घेतलेत, कडा अगदी नव्यासारख्या आणि मध्ये भोक. लहान पिस्टनचं वजनही कमी, त्यामुळे फेरे वाढवायला वाव जास्त. म्हणजे कोलंबोनं जे इंजिन १९५ हॉर्सपॉवरसाठी काढलं त्यात दुपटीहून जास्त ताकद सहन करायची हाडं पहिल्यापासूनच होती. चार सिलिंडरवाल्या इंजिनात ती नव्हती.

उरलेलं अर्धं कारण म्हणजे चिकाटी. युद्धानंतर पोर्तेल्लोच्या लोकांनी नवी गाडी काढली नाही. हीच गाडी घेऊन ते बसले. १९४६ मध्ये त्यांनी दोन टप्प्यांचा सुपरचार्जर लावला. याचं तत्त्व नीट समजून घ्या, परीक्षेतही उपयोगी पडेल. या इंजिनांवर रूट्स पद्धतीचा पंप असायचा, एकमेकांत गुंतून फिरणारे दोन रोटर असलेला. हा पंप हवा आत दाबत नाही, फक्त पुढे ढकलतो. दाब तयार होतो तो पुढच्या नळीत, आणि ती दाबलेली हवा उलटी पंपात शिरायला बघते. एकाच पंपाकडून जास्त दाब मागितला की गळती वाढते, हवा तापते आणि पंप फिरवायला खर्च होणारी ताकद भलतीच वाढते. तोच दाब दोन पंपांत वाटून घेतला, मोठा आधी आणि लहान नंतर, की प्रत्येकाचं ओझं हलकं होतं. मग तोच एकूण दाब कमी तापमानात आणि कमी खर्चात मिळतो.

रोटर एकमेकांना लागले तर पंप संपला, आणि फार लांब राहिले तर दाब मिळत नाही. मधली फट कागदाच्या जाडीइतकी. तापल्यावर रोटर फुगतात, केसिंगही फुगतं, पण दोन्ही सारख्या वेगानं नाही. आमच्याकडे एकदा एक पंप दोन आठवडे नुसता गरम करून, मोजून, उतरवून, पुन्हा खरवडून बसवावा लागला होता. पोर्तेल्लोत हे काम करणाऱ्यांकडे आजची मोजमापाची यंत्रं नव्हती. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मायक्रोमीटर आणि बोटं. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

ताकद अशी चढत गेली: १९४८ पर्यंत तीनशेच्या वर, १९५० मध्ये सुमारे ३५०, आणि १९५१ च्या १५९ या सुधारित रूपात सुमारे ४२५ हॉर्सपॉवर, ९३०० फेऱ्यांना. लिटरमागे २८५ च्या पुढे! ज्या कागदावर १९३७ मध्ये रेघा ओढल्या गेल्या त्याच इंजिनाची ही कथा.

पहिला दिवस मात्र वाईट गेला होता. ९ जून १९४६, पॅरिसजवळ सें-क्लू. दोन्ही अल्फा बंद पडल्या आणि रेमों सोमेर मासेराती घेऊन जिंकला. त्यानंतर जुलै १९५१ पर्यंत अल्फानं भाग घेतलेली एकही ग्रां प्री दुसऱ्या कुणी जिंकली नाही. या वाक्यातल्या "भाग घेतलेली" या शब्दांना महत्त्व आहे. अल्फा मोजक्याच शर्यती निवडायची, तयारी पूर्ण असेल तरच यायची, आणि आली की तीन-चार गाड्या घेऊन यायची. १९४७ ची इटालियन ग्रां प्री मिलानच्याच रस्त्यांवर झाली. पहिले चारही क्रमांक अल्फाचे, आणि पहिल्या दोघांत, त्रोस्सी आणि वार्झीत, अंतर एका सेकंदाहूनही कमी. अशी शर्यत आपोआप होत नाही. कुणी कुणाच्या मागे राहायचं हे आधी ठरलेलं असतं.

आणि १९४९ मध्ये तर त्या आल्याच नाहीत. त्यामागे मोठं दुःख होतं. १ जुलै १९४८ ला स्वित्झर्लंडमधल्या ब्रेमगार्टनला ओल्या रस्त्यावर सरावात गाडी उलटून आकिले वार्झी गेला. मॉर्फिनच्या व्यसनातून स्वतःला बाहेर काढून पुन्हा उभा राहिलेला माणूस तो. जानेवारी १९४९ मध्ये ज्याँ-पिएर विमीय ब्युनॉस आयर्सला सरावात, दुसऱ्या एका लहान गाडीत गेला. माझ्या मते त्या दोन-तीन वर्षांत जगात त्याच्याइतका चांगला चालक नव्हता. त्याच वर्षी त्रोस्सीला कर्करोगानं नेलं. दहा महिन्यांत तीन चालक.

अल्फा नसलेल्या वर्षांत आणि अल्फा न आलेल्या शर्यतींत खेळ जिवंत ठेवला तो मासेरातीनं आणि खासगी संघांनी. इटालियन भाषेत संघाला "स्कुदेरिया" म्हणतात. शब्दशः अर्थ पागा. मला हा शब्द फार आवडतो, कारण आपल्याकडच्या पागेसारखीच ती व्यवस्था होती: एक धनी, दहा-पाच घोडी, त्यांची देखभाल करणारी माणसं, आणि जिथे मोहीम असेल तिथे सगळा लवाजमा घेऊन जायचं. मिलानची स्कुदेरिया अंब्रोसियाना ही त्यातली नामांकित पागा. मिलानचा संत अंब्रोज, त्याच्यावरून नाव. काउंट जोव्हानी लुरानी, लुइजी विलोरेसी आणि त्यांच्या मित्रांनी ती युद्धाआधीच काढली होती. रुज्जेरी बंधूंची स्कुदेरिया मिलानो होती. एन्रिको प्लाते आपल्या मासेराती घेऊन फिरायचा आणि त्याच्याकडे सयामचा राजपुत्र बिरा गाडी चालवायचा.

या पागांचं पोट भरायचं ते शर्यतीत उतरण्याबद्दल आयोजक देत त्या पैशांवर. बक्षीस मिळालं तर वरकड. त्यामुळे गाडी अशी हवी होती की विकत मिळेल, सुटे भाग मिळतील आणि गावोगाव फिरताना रस्त्याकडेच्या वर्कशॉपमध्ये उघडता येईल. अशी गाडी मासेराती विकत होती. अल्फा आपल्या गाड्या विकत नव्हती. हा फरक इतिहास सांगताना विसरला जातो आणि मग मासेराती "हरणारी गाडी" ठरते. त्या काळातल्या कुठल्याही ग्रां प्रीची उतरलेल्या गाड्यांची यादी काढा, बऱ्याच जागा मासेरातीनं भरलेल्या दिसतील.

मासेराती बंधूंनी कंपनी १९३७ मध्येच ओर्सी घराण्याला विकली होती. दहा वर्षं तिथे काम करण्याचा करार होता. तो संपताच १९४७ मध्ये ते बोलोन्याला परतले आणि त्यांनी ओस्का ही नवी कंपनी काढली. मागे राहिलेल्यांनी ४सीएलला नळ्यांची चासी (सांगाडा) दिली, दोन टप्प्यांचा सुपरचार्जर दिला आणि जून १९४८ मध्ये सान रेमोला नवी ४सीएलटी उतरवली. अल्बेर्तो अस्कारीनं पहिल्याच दिवशी ती जिंकून दाखवली, म्हणून तिचं नावच "सान रेमो" पडलं. त्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला विलोरेसी पहिला आणि अस्कारी दुसरा, दोघंही अंब्रोसियानाच्या रंगात. १९४९ मध्ये अर्जेंटिनाहून आलेला एक सदतीस वर्षांचा चालक याच जातीच्या मासेरातीत सान रेमो, पो, पर्पिन्याँ अशी एकामागून एक मैदानं मारत गेला. हुआन मान्युएल फान्जिओ. युरोपला तो कळला तो मासेरातीमुळे.

नुवोलारीबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. युद्ध संपलं तेव्हा तात्झियो नुवोलारी हा नामांकित चालक बावन्न वर्षांचा होता. थोरला मुलगा १९३७ मध्ये गेला होता, धाकटा १९४६ च्या एप्रिलमध्ये. फुप्फुसं इतकी खराब की इंजिनाचा धूर सहन होत नव्हता. तरी त्याच वर्षी त्यानं मासेरातीत आल्बीची शर्यत जिंकली. सप्टेंबरमध्ये तोरिनोच्या वालेंतिनो बागेत तो चिसितालियाच्या नव्या लहान गाडीत बसला आणि शर्यत चालू असताना स्टिअरिंगचं चाक निखळून त्याच्या हातात आलं. ते हवेत हलवून त्यानं आपल्या माणसांना दाखवलं, आणि नुसत्या दांड्यावर गाडी सांभाळत तो पिटपर्यंत आला.

ही चिसितालिया म्हणजे तोरिनोच्या पिएरो दुसियोची कंपनी. तिची डी४६ ही गाडी फियाटच्या अकराशे सीसी इंजिनावर चालायची आणि तिचा सांगाडा फियाटच्याच दान्ते जाकोझानं आखला होता. तिथेच थांबला असता तर दुसियो सुखी झाला असता. पण त्याला ग्रां प्री हवी होती. त्यानं पोर्शेच्या माणसांकडून ३६० नावाची गाडी आखून घेतली: बारा सिलिंडर आडवे, इंजिन चालकाच्या मागे, दोन सुपरचार्जर, ताकद हवी तेव्हा चारही चाकांना. फर्डिनांड पोर्शे तेव्हा फ्रान्सच्या तुरुंगात होता आणि या कामाच्या पैशांतून त्याची सुटका व्हायला मदत झाली. गाडी तयार झाली, कंपनी बुडाली, दुसियो अर्जेंटिनाला गेला. एकही ग्रां प्री ती धावली नाही. आराखडा म्हणून ती त्या काळातली सगळ्यात धाडसी गाडी आहे. पण अल्फाच्या जुन्या गाडीत वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या मुरलेल्या होत्या, आणि चिसितालियाकडे एका वर्षाच्याही दुरुस्त्यांपुरते पैसे नव्हते.

आता फेरारी. एन्झो फेरारी १९३९ मध्ये अल्फातून बाहेर पडला तेव्हा चार वर्षं स्वतःच्या नावानं संघ चालवायचा नाही अशी अट होती. १९४३ मध्ये कारखाना मोदेनाहून मारानेल्लोला गेला आणि त्यावरही बॉम्ब पडले. युद्ध संपताच त्यानं बोलावलं कुणाला? कोलंबोला. १५८ आखणाऱ्या हातांनीच फेरारीचं पहिलं बारा सिलिंडरचं इंजिन आखलं, बोअर ५५, स्ट्रोक ५२.५. पुढे कोलंबो पुन्हा अल्फाकडे गेला. दोन्ही घरांचा सुतार एकच, असा हा सगळा मामला आहे.

सुपरचार्जर लावलेली फेरारी १२५ पहिल्यांदा ग्रां प्रीत उतरली ती सप्टेंबर १९४८ मध्ये, तोरिनोत. सोमेर तिसरा आला, विमीय अल्फात पहिला. १९४९ मध्ये अल्फा नसताना अस्कारीनं या गाडीत स्विस आणि इटालियन ग्रां प्री जिंकल्या. पण ताकद कमी होती, चाकांमधलं अंतर तोकडं होतं आणि गाडी सरळ जायला तयार नसायची.

त्याच १९४९ मध्ये बेल्जियममधल्या स्पाला एक गोष्ट घडली आणि माझ्या दृष्टीनं ती या सगळ्या काळाची किल्ली आहे. फ्रान्सची टाल्बो-लागो, साडेचार लिटरची, सुपरचार्जर नसलेली, जड, जुन्या वळणाची गाडी. लुई रोझिए ती घेऊन पाचशे किलोमीटर न थांबता धावला. सुपरचार्जरवाल्या फेरारी वेगवान होत्या, पण त्यांना इंधनासाठी थांबावं लागलं. जिंकला रोझिए.

मारानेल्लोत तेव्हा ऑरेलिओ लाम्प्रेदी नावाचा तरुण इंजिनीअर होता, आधी विमानं बनवणाऱ्या रेज्जाने कंपनीत काम केलेला. त्यानं म्हटलं, आपण साडेचार लिटरकडे जाऊ. इथे थोडा हिशोब मांडतो.

सुपरचार्जरनं दाबलेली हवा तापते. तिला आणि पिस्टनला थंड ठेवायला अल्फा मुख्यतः मिथेनॉल जाळायची. मिथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता शोषून घेतं, म्हणून ते सिलिंडरच्या आत थंडाव्याचं काम करतं. पण एका किलोत ऊर्जा पेट्रोलच्या निम्म्याहून कमी. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते, एक किलो मिथेनॉलला साडेसहा किलोही पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त इंधन ओतायचं. त्यावर पिस्टन वाचवण्यासाठी गरजेपेक्षा थोडं जास्तच ओतायचं. शिवाय सुपरचार्जर फिरवायलाच क्रँकशाफ्टवरून शंभराहून अधिक हॉर्सपॉवर खर्च होत, त्यांचंही इंधन वेगळं. परिणाम असा की १५९ एका लिटरमध्ये जेमतेम ५०० ते ६०० मीटर जायची.

मिथेनॉलची सवय नसलेल्यांसाठी एक सावधगिरी. हवेतली ओल ते ओढून घेतं आणि मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. शर्यत संपली की इंजिन साध्या पेट्रोलवर चालवून आतून धुऊन काढावं लागतं. आमच्याकडे एकदा एक गाडी आली, मालकानं न धुता हिवाळाभर ठेवलेली. कार्ब्युरेटरच्या आत पांढरी पूड साचली होती आणि सुपरचार्जरच्या केसिंगला भाजलेल्या भाकरीसारखे फोड आले होते. आणि मिथेनॉलची ज्वाला उन्हात दिसत नाही. माणूस पेटलेला असतो आणि बाजूच्याला कळत नाही.

लाम्प्रेदीचं इंजिन याच्या अगदी उलट. १९५० च्या जूनमध्ये स्पाला ३.३ लिटर, जुलैत जिनिव्हाला ४.१, सप्टेंबरमध्ये इटलीतल्या मोन्झाला पूर्ण साडेचार लिटर. एका पावसाळ्यात तीन पायऱ्या! त्यानं सिलिंडरच्या लायनरना (आतल्या नळ्यांना) आटे पाडून ते सरळ हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, पेचासारखे आवळले. त्यामुळे हेड आणि सिलिंडर यांच्यामधलं गॅस्केटच उरलं नाही, जे जास्त दाबाच्या इंजिनात हमखास उडतं. ताकद साधारण ३५०, पुढे ३८० हॉर्सपॉवर. लिटरमागे फक्त ८५ च्या आसपास. इंजिनाला घाम फुटत नव्हता. इंधनात इथेही अल्कोहोल होतं, पण नुसत्या थंडाव्यासाठी जास्तीचं ओतायची गरज नव्हती.

१९५० मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झालं. १३ मे ला सिल्व्हरस्टोनला पहिली शर्यत: फारिना, फाज्योली, पार्नेल, तिन्ही अल्फा. त्या वर्षी अल्फानं उतरलेल्या सहाच्या सहा शर्यती जिंकल्या, फारिना विजेता, ३० गुण. पण मोन्झाच्या सरावात अस्कारीची फेरारी फान्जिओच्या अल्फापेक्षा फक्त ०.२ सेकंदानं मागे होती. अल्फानं उत्तर म्हणून दाब वाढवला आणि फेरे वाढवले. म्हणजे आणखी मिथेनॉल, आणखी मोठ्या टाक्या. तेरा वर्षं हाच उपाय लागू पडला होता, आणि आता त्याच उपायानं दुखणं वाढत होतं.

१४ जुलै १९५१, सिल्व्हरस्टोन. शर्यत ९० फेऱ्यांची, साधारण ४१८ किलोमीटर. लिटरला ५७० मीटर धरा, तर सव्वासातशे लिटरच्या पुढे इंधन लागतं. त्याचं वजन पावणेसहाशे किलो, आणि रिकामी गाडीच सातशे किलोच्या आसपास. एवढं सगळं एकदम घेऊन निघता येत नाही, म्हणून दोनदा थांबायचं. भरलेल्या टाकीनं ब्रेक लवकर दाबावे लागतात, टायर झिजतात, वळणावर शेपूट बाहेर पळते.

फेरारीकडून अस्कारी आणि विलोरेसीला प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असलेलं नवं इंजिन दिलं होतं. जुनं, एकेका प्लगचं इंजिन मिळालं ते होसे फ्रोइलान गोन्झालेझला. सरावात त्यानं १ मिनिट ४३.४ सेकंदांची फेरी मारली, फान्जिओपेक्षा पूर्ण एक सेकंद वेगवान. शर्यतीत दोघं अर्जेंटिनावाले एकमेकांना सोडेनात. अस्कारीची गाडी गिअरबॉक्समुळे बंद पडली. गोन्झालेझ इंधनासाठी थांबला तेव्हा अस्कारी तिथेच उभा होता. तो संघाचा पहिला चालक, नियमानं गाडी मागू शकत होता. गोन्झालेझनं स्वतःहून ती देऊ केली. अस्कारीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत पाठवलं. या प्रसंगानं मला दर वेळी भरून येतं. गोन्झालेझ ५१ सेकंदांनी जिंकला. एन्झो फेरारीनं पुढे लिहिलं की त्या दिवशी आनंदाच्या अश्रूंबरोबर दुःखाचेही आले, कारण आपण आपल्या आईलाच मारलं असं त्याला वाटलं. त्याला वाढवलं अल्फानं, आणि ती गाडी त्याच्याच अंगणात जन्मली होती.

त्यानंतर जर्मनीतली नूर्बुर्गरिंगची आणि मोन्झाची शर्यत अस्कारीनं जिंकली. शेवटची शर्यत ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाच्या पेद्राल्बेसला. तिथे फेरारीनं मागच्या चाकांना नेहमीपेक्षा लहान, सोळा इंची टायर लावले आणि त्यांचे पट्टे उडू लागले. फान्जिओ जिंकला, ३१ गुणांनी अजिंक्य, अस्कारी २५. टायर बरोबर निवडले असते तर ते अजिंक्यपद अस्कारीचं झालं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

अल्फानं त्यावर खेळ थांबवला. नवी गाडी बनवायला पैसे हवे होते, कंपनी सरकारी मालकीची आणि सरकारला ते नको होते. फेरारीला समोर कुणी उरलंच नाही म्हणून १९५२ मध्ये अजिंक्यपदाच्या शर्यती दोन लिटरच्या दुसऱ्या गटात खेळवल्या गेल्या.

तर तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे. दीडला साडेचार, म्हणजे एकास तीन, हे प्रमाण नियम करणाऱ्यांनी शेडमधल्या गाड्या बघून ठरवलं होतं. १९४६ च्या २६० हॉर्सपॉवरच्या अल्फाला ते फायद्याचं होतं, कारण तेव्हा ती तेवढी तहानलेली नव्हती आणि समोर चांगलं साडेचार लिटरचं इंजिन नव्हतं. प्रमाण तेच राहिलं, गाडीची तहान वाढत गेली. मग कोलंबोनं तेव्हाच साडेचार लिटरचं इंजिन काढायला हवं होतं का? नाही. तेव्हा तो लहान गटासाठी गाडी बनवत होता, त्या गटात सुपरचार्जरशिवाय कुणी धावतच नव्हतं.

इटलीत आलात की मिलानजवळ अरेझेला अल्फाचं संग्रहालय आहे, तिथे जा. बरेचजण समोरून फोटो काढतात. तुम्ही मागे जा. साडेचार लिटरच्या त्या फेरारीचे, म्हणजे ३७५ चे, फोटो बरोबर आणा आणि १५९ ची शेपूट त्यांच्याशी ताडून बघा. चालकाच्या पाठीला टेकून केवढी टाकी असेल याचा अंदाज घ्या. मग बॉनेटच्या लांबीवरून आठ सिलिंडर कुठे संपतात ते मोजा आणि १४७९ सीसी हा आकडा आठवा. मारानेल्लो आणि मोदेना तिथून दोन-अडीच तासांवर आहेत. येताना कळवा, वर्कशॉपमध्ये त्या दिवशी एखादा रूट्स पंप उघडलेला असेल तर फीलर गेज तुमच्याच हातात देईन.